रेषेबाहेरचं रान

संतोषने शाळेच्या ओट्यावर नकाशा उलगडला आणि कोपरे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर चार दगड ठेवले. माणसे चहूबाजूंनी वाकली. पुढच्यांच्या डोक्यांमुळे मागच्यांना काही दिसेना, तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, "खाली बसा की! तमाशा हाय का?"

नकाशा खाटेएवढा होता. त्यात हिरव्या रंगाच्या नाना छटा होत्या आणि त्यांतून फिरणारी एक तांबडी रेषा, गावाच्या जंगलाची हद्द. रोहिणी गुडघ्यांवर बसून पेनाच्या टोपणाने दाखवत होती. नाशिकच्या कॉलेजात ती जंगलांवर संशोधन करत होती. पेठकडच्या डोंगरातली, आपले जंगल आपण राखणारी एकवीस गावे तिने निवडली होती. त्या जंगलांचे वीस वर्षांपूर्वीचे आणि आताचे, उपग्रहातून काढलेले फोटो एकमेकांवर ठेवून कोणाचे जंगल वाढले, कोणाचे घटले, हे ती पाहत होती. बोरदरा हे त्यातलेच एक गाव.

"हा फिका रंग म्हणजे विरळ झाडी. गडद म्हणजे दाट," ती म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी हे सगळं फिकं होतं. आता बघा. तुमची झाडी एक तृतीयांशाने वाढली आहे. एकवीस गावांत पहिला नंबर तुमचा."

"फांद्या तोडून तोडून तुम्हीच जंगल खाल्लं, म्हणत होता वनखात्याचा मागचा साहेब," नाथा म्हणाला. "त्याच्या घरी नेऊन लावा हा कागद."

"त्याच्या घरी भिंत हाय का एवढी?"

माणसे हसली. म्हातारा भिमाजी मात्र नकाशावर डोळे बारीक करून काहीतरी शोधत होता.

"वाघदेव कुठं हाय यात?"

रोहिणीचे टोपण पश्चिमेच्या डोंगरधारेकडे सरकले. तिथे नकाशाचा सगळ्यात गडद ठिपका होता, जवळजवळ काळा. गावाने पिढ्यान् पिढ्या जिथे कोयता नेला नाही, ते वाघदेवाचे रान. संतोष पुढे झाला. तो वनसमितीचा सचिव, बारावी झालेला, कागद वाचणारा. त्याने तांबड्या रेषेवर बोट ठेवले आणि ते रेषेबरोबर फिरवत नेले. रेषा धारेकडे चढली, काळ्या ठिपक्याच्या अलीकडे वळली, त्याच्या कडेकडेने खाली उतरून ओढ्याला मिळाली.

"मॅडम, हे तर रेषेच्या बाहेर हाय."

महिन्यापूर्वीच तालुक्याहून कागद आला होता. विजेची मोठी लाइन पश्चिमेच्या धारेवरून जाणार होती. टॉवर उभे राहणार होते आणि तारांखालची झाडे तोडली जाणार होती. तांबड्या रेषेच्या आतून लाइन न्यायची तर ग्रामसभेची संमती लागत होती. रेषेबाहेर गावाला विचारायचे कारण नव्हते. दोन वर्षांपूर्वी जंगल गावाच्या नावावर झाले तेव्हा हद्द मोजली गेली होती, ती याच रोहिणीच्या जीपीएस यंत्रावर. तीच रेषा पुढे सरकारी कागदात गेली. तेव्हा रेषेचा कागद हातात आला होता, पण त्यावर नुसती रेषा होती, झाडे नव्हती. त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

"झाडी दाट असली की यंत्राला वरून नीट पकड मिळत नाही," रोहिणी म्हणाली. "दहा-पंधरा मीटरचा फरक पडतो."

"पंधरा मीटर? मॅडम, अख्खं रान गेलं!"

"चौदा हेक्टर," ती हळूच म्हणाली.

"देवालाच हद्दपार केलं मॅडमनी," नाथा म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

"यंत्र कुणाच्या हातात होतं?" कोणीतरी विचारले.

सगळ्यांनी खांबाजवळ बसलेल्या गोटीरामकडे पाहिले. सारे गाव ज्याला बाबा म्हणे, त्या गोटीरामने चाळीस वर्षे जंगलाची राखण केली होती. आधी वनखात्याचा मजूर म्हणून, नंतर गावाचा म्हणून. तो काडीने पायाच्या टाचेतली भेग खरवडत होता. त्याचा हात थांबला.

"बाबाच्या हातात होतं, पण बाबाला काय त्यातलं कळतंय?" संतोष म्हणाला. "बटण दाबून दिलं, बाबा चालले. बघायचं काम शिकल्यासवरल्यांचं होतं. गाडीतनं यायचं, रेघा मारायच्या न् जायचं."

गोटीरामची बायको आक्काबाई बायकांच्या घोळक्यातून उठली. "पोरगी सकाळपासून उपाशी बसलीय. पाणी तरी द्या तिला आधी, मंग खा तिला." तिने स्वतःच तांब्या आणून रोहिणीपुढे ठेवला. दीड मैलावरून डोक्यावर आणलेले पाणी होते ते.

रोहिणी पाणी प्याली आणि तिने नकाशावरचे दगड एकेक करून उचलले. गोटीराम पुन्हा टाच खरवडू लागला.

मोजणीचे दिवस त्याला चांगले आठवत होते. तीन दिवस तो आणि रोहिणी हद्दीने फिरत होते. यंत्र मुठीएवढे होते. ते घेऊन हद्दीवरून चालायचे, बास. तिसऱ्या दिवशी दोघे वेशीच्या दगडापाशी पोचले. तिथून पुढे वाघदेवाचे रान. तिथे बायका जात नाहीत, असे गोटीरामने तिला सांगितले. तिचा चेहरा थोडा उतरला, पण तिने वाद घातला नाही. यंत्र त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "जिथून तुमची हद्द आहे तिथून चाला. मी ओढ्यावर बसते." हद्द कुठून आहे हे गोटीरामला पायांनी पाठ होते. ती वाघदेवाच्या पाठीमागून, वरच्या धारेने जात होती. पण तो त्या धारेने गेला नव्हता.

आठ दिवसांनी संतोष तालुक्याला जाऊन आला. साहेबाने त्याला अर्धा तास उभे ठेवले आणि दोन वाक्यांत वाटेला लावले. यंत्राचा दोष असेल, तर मोजणाऱ्याने तसे लिहून द्यावे, फेरमोजणी करू. गावाने आपणहून हद्द दाखवली असेल, तर ती गावाने मान्य केलेली हद्द, त्यात आता बदल नाही.

"मॅडमला फोन लावला," संतोषने पारावर सांगितले. "लिहून देते म्हणाली. न देऊन करते काय? चूक तिचीच."

त्या रात्री गोटीरामला झोप लागली नाही. पहाटे त्याने वालाच्या शेंगा फडक्यात बांधल्या आणि पेठपर्यंत चालत जाऊन नाशिकची एसटी धरली.

कॉलेज विचारत विचारत सापडायला दुपार झाली. रोहिणीच्या खोलीत चार संगणक होते आणि बाकी भिंतीभर नकाशे. तिने खुर्ची पुढे केली. तो टेकला, पण पाठ लावून बसला नाही.

"चहा सांगते, बाबा."

"सांगायचंय ते सांगून घेतो. मंग चहा." त्याने शेंगांचे गाठोडे टेबलावर ठेवले. "ताई, चूक यंत्राची नव्हती."

रोहिणीने संगणकावर काहीतरी उघडले आणि पडदा त्याच्याकडे वळवला. करड्या पार्श्वभूमीवर मुंग्यांची रांग असावी तसे तांबडे ठिपके होते.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "दर पाच सेकंदांनी यंत्र एक ठिपका ठेवतं. इथून तुम्ही वेशीच्या दगडापासून निघालात. इथे चढ आहे, म्हणून ठिपके जवळजवळ आहेत. आणि हे बघा."

एका जागी ठिपके एकावर एक पडून त्यांचा डाग झाला होता.

"इथे तुम्ही थांबलात. बावीस मिनिटं. आणि मग डावीकडे वळून सरळ खाली आलात. यंत्र चुकलं की ठिपके वेडेवाकडे उडतात. ते असं थांबत नाही."

गोटीरामने त्या डागाजवळ बोट नेले, पण काचेला लावले नाही. तिथे तो एकटाच होता, असे त्याला दोन वर्षे वाटत होते.

"काय करत होता तिथे?"

"हात जोडून उभा होतो. विचारत होतो."

"काय?"

"धरू का तुला मोजणीत, म्हणून." तो थांबला. "ताई, आमच्यात खळ्यावर रास मोजतात ना, तव्हा पहिली पायली कणसरी देवीची. ती बाजूला काढायची. ती मोजणीत नाय धरत. तुम्ही म्हणाला होता, मोजू ते गावाच्या नावावर लागंल. गावाचं गावाच्या नावावर लागू दे की. पण त्याचं आपल्या नावावर कसं लावायचं? चोरीच ना ती. त्यानं काय कौल दिला नाय. मंग मी म्हणलं, त्याचं त्याला सोडून मोजू."

"आणि परत आल्यावर मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं, सगळं फिरून झालं का. झालं होतं."

रोहिणी हसली, पण ते हसू लगेच विरले. "मी सोबत यायला हवं होतं. तुम्ही बसा म्हणालात, मी बसले. बायांनी येऊ नये म्हणालात, ते ऐकलं."

गोटीरामने मान खाली घातली.

"हे ठिपके मी नकाशा दाखवून गावातून परतले त्याच रात्री पाहिले," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"मंग यंत्राची चूक म्हणून का लिहून देता?"

"दिलं. काल दिलं. यंत्राच्या चुकीला अर्जात जागा आहे, बाबा. तुम्ही सांगितलंत त्याला नाही."

"तुमच्या शिक्षणाचं काय?"

गाठोड्यातली एक शेंग काढून रोहिणी सोलत बसली.

"जिथली मोजणी चुकली असं मीच लिहून दिलं, तिथले आकडे आता कोणी धरणार नाही. सर म्हणाले, ते गाव काढून टाक. वीस गावांचा अभ्यास होईल."

"आमचं वाढलं होतं ना? पहिला नंबर म्हणाला होता."

"वाढलंय की. ते कुठे जातंय?" तिने शेंगेतले दाणे टेबलावर ओळीने मांडले आणि पुन्हा एकत्र केले. "फक्त कुठे लिहिलेलं राहणार नाही."

गोटीराम उठला. "मी गावात सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"नाही सांगायचं," ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "तुम्ही बोललात की ते तालुक्याला कळेल. मग फेरमोजणी गेली, रान गेलं आणि माझंही उगाच गेलं. आता गप्प बसा, बाबा. तुम्हाला जमतं ते."

आलेला चहा तो उभ्यानेच प्याला. जिना उतरताना त्याला वाटले, तिने हाक मारली. तो थांबला, पण हाक नव्हती.

तो गप्प बसला. पारावर, लग्नाच्या पंगतीत, पेठच्या बाजारात बोरदऱ्याची माणसे सांगत होती की नाशिकच्या एका मॅडमने घोळ घातला होता, बरे झाले वेळेवर सापडला. गोटीराम समोर असला तर म्हणत, "बाबा साक्षीला होते, विचारा." तो मान हलवी. ती मान होय म्हणून हलते की नाही म्हणून, हे कोणी नीट पाहत नसे.

एप्रिलमध्ये फेरमोजणीची माणसे आली. कोणालाच चालावे लागले नाही. शाळेच्या मैदानातून त्यांनी एक ड्रोन उडवले. ते घोंघावत पश्चिमेच्या धारेवर गेले, वाघदेवाच्या रानावरून दोन फेऱ्या मारून आले आणि पोरांच्या टाळ्यांत खाली उतरले. पंधरा दिवसांनी नवा कागद आला. तांबडी रेषा वरच्या धारेने, देवाच्या पाठीमागून गेली होती. चौदा हेक्टर गावाच्या नावावर लागले. संतोषने पेढे वाटले. एक पेढा गोटीरामच्या हातात ठेवून तो पाया पडला. गोटीरामने तो पेढा बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग शेजारी बसलेल्या आपल्या नातवाला दिला.

मे महिन्यात टॉवरची माणसे गावात आली. या वेळी कागद पाठवून नव्हे. जीप घेऊन, थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन, हात जोडत आली. दोन दिवसांनी ग्रामसभा भरली.

"मुद्दा सरळ हाय," संतोष म्हणाला. "आधी आपल्याला कोण विचारत नव्हतं. आता सही आपली हाय, म्हणून ते दारात आले. पाण्याची टाकी देतात. खालच्या धरणावरून पाइप, घरोघर नळ. फाट्यापासून पाड्यापर्यंत डांबरी रस्ता. लेखी देतात. मी अक्षर न् अक्षर वाचलंय."

"आणि वाघदेव?" भिमाजीने विचारले.

"देवाला कोण हात लावतो? थोडं अलीकडं बसवू. त्यांचा साहेब म्हणला, मंदिर बांधून देतो. पक्कं."

"टाइल्स लावणार का?" नाथाने विचारले. त्याने चेष्टा केली की खरेच विचारले, ते कळले नाही.

"लावतील. पांढऱ्या."

"देवाला उन्हाळ्यात गार लागतील," मागून एक बाई म्हणाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

गोटीराम उठला. ग्रामसभेत तो कधी बोलत नसे, म्हणून लोक वळून पाहू लागले.

"ते आपलं नाय," तो म्हणाला.

"काय आपलं नाय, बाबा?"

"ते रान."

संतोषने फाइल उघडून नवा कागद वर धरला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "बाबा, हे बघा. तुम्हाला वाचता येत नाय, पण ही रेघ तर दिसती ना? आता आपलंच हाय. तुमच्याच डोळ्यांदेखत झालं."

गोटीरामने तोंड उघडले. वेशीच्या दगडापलीकडचा तो दिवस, बावीस मिनिटे, न मिळालेला कौल, सगळे त्याच्या ओठांवर आले होते. पण आता ते सांगून उपयोग काय, हे त्याला कळेना. सांगितले तर रेषा पुन्हा मागे जाईल आणि टॉवर कोणाला न विचारता येतील. नाही सांगितले तर विचारून येतील. तो खाली बसला.

"ज्यांची संमती हाय त्यांनी हात वर करा."

पुरुषांचे हात एकेक करून वर गेले. बायकांकडे आधी कोणी हलेना. आक्काबाई पुढेच बसली होती. हंड्याखाली ठेवायची चुंबळ तिच्या मांडीवर होती, कारण सभा संपली की तशीच ती डोहावर जाणार होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले. मग हात वर केला. तिच्यामागून बायकांचे हात झपाझप वर गेले.

घरच्या अंगणात आल्यावर आक्काबाईने हंडे उचलले.

"माझी मान बघितलीस का कधी?" ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली. वाघदेव आला होता का एकदा तरी हंडा उतरवायला?"

ती डोहाच्या वाटेला लागली. तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मान डावीकडे किंचित कललेली होती. त्याने ती खरेच कधी पाहिली नव्हती.

आठवड्याने संतोषने रोहिणीला फोन लावला. गोटीराम शेजारीच होता, म्हणून त्याला एकच बाजू ऐकू आली.

"मॅडम, नमस्कार. झालं सगळं, हो, संमती दिली... झाडांचा तुमचा तो रंगीत नकाशा होता ना, तो पाठवता का? टॉवरवाल्यांना द्यायचाय. कुठं झाडी किती दाट, ते त्यांना आधी कळलं तर बरं... हॅलो? हॅलो?" त्याने फोन कानापासून काढून पाहिला. "रेंज गेली वाटतं."

टॉवरची माणसे जागेची आखणी करायला आली तेव्हा वाट दाखवायला गोटीरामलाच बोलावणे आले. वरच्या धारेची वाट त्याच्याशिवाय कोणाला नीट माहीत नव्हती. न जावे असे त्याच्या मनात होते. पण तो गेला नाही, तर ते ओढ्याकडून झाडी तोडत चढतील, हेही त्याला कळत होते.

चौघे होते. पुढे एक तरुण इंजिनिअर, हातात टॅब. गोटीराम त्यांच्यापुढे चालत होता. वेशीच्या दगडापाशी तो थांबला, वाकला आणि त्याने पायातल्या वहाणा काढून दगडाच्या अंगाला लावून ठेवल्या. आत अनवाणी जायचे, हे कोणी त्याला शिकवलेले आठवत नव्हते. ते आधीपासून पायांतच होते.

मागचे चौघे बूट घालून दगड ओलांडून पुढे झाले.

"काका, काटे आहेत इकडे. चपला का काढल्या?" इंजिनिअरने वळून विचारले. आवाजात काळजी होती. पोरगा वाईट नव्हता.

"इथनं पुढं देवाचं हाय."

इंजिनिअरने टॅबवर पाहिले. दोन बोटांनी नकाशा मोठा केला. त्यावर एक निळा ठिपका हलत होता आणि तांबडी रेषा दूर, वरच्या धारेवर होती.

"नाही काका," तो म्हणाला. "यात तर तुमच्या गावाचंच दाखवतंय. पार वरपर्यंत."

गोटीरामने वरच्या धारेकडे पाहिले. आत ऐनाच्या झाडावर कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता. माणसे त्याच्यासाठी खोळंबली होती. एकाने घड्याळ पाहिले.

मग तो मागे फिरला, दगडाशी वाकला, वहाणा पायांत घातल्या आणि त्यांच्यापुढे चालू लागला.